बाईंना विचारा : चांदीचे डोळे आणि मातीचे पाय

मागच्या अंकात तेरबद्दल लिहिलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची जी वही लिहिली, तिच्यात आपलं पैठण आहे आणि 'तगर' या नावानं आपलं तेरही आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं. लिहिता लिहिता मी एक वाक्य टाकलं, की हे लोक गलबतात चढताना देवाला नवस बोलूनच चढत. तेरचं सगळं राहिलं बाजूला, पत्रं आली ती त्या एका वाक्यावर! पाच निवडली आहेत.

प्रश्न : बाई, आम्ही येडाईला चांदीचे डोळे वाहतो, कुणी पाय वाहतं, कुणी पाळणा. ग्रीक लोकांत तसलं काही होतं, का बकरं कापून मोकळे व्हायचे?
— एक शेतकरी वाचक, ता. कळंब

उत्तर : दादा, तुम्ही येडाईचं नाव काढलंत म्हणून आधी माझ्याच डोळ्याचं सांगते.

१९७२ च्या दुष्काळात माझी माय खडी फोडायला जायची. मी नऊ वर्षांची. दुपारची भाकर घेऊन गेले, तिच्याजवळ उकिडवी बसले आणि शेजारच्या बाईच्या हातोड्याखालची कपची उडून माझ्या उजव्या डोळ्यात गेली. बार्शीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, आठ दिवसांनी बघू. त्या आठ दिवसांत मायनं येरमाळ्याकडं तोंड करून कबूल केलं : "येडाई, लेकीचा डोळा राहू दे, चांदीचे डोळे वाहीन." डोळा राहिला. चांदी कुठून आणायची? घरात मिलो ज्वारी होती, तीसुद्धा मोजून.

आता तुमचं उत्तर. होतं, अगदी असंच होतं. अस्क्लेपिऑस हा ग्रीकांचा वैद्यदेव. कोरिंथ शहरातल्या त्याच्या देवळाच्या जागी १९२९ ते १९३४ या काळात उत्खनन झालं, तेव्हा भाजक्या मातीचे हात, पाय, कान, डोळे, स्तन असे शंभरावर अवयव निघाले. बरेचसे खऱ्या मापाचे. मी त्यांची छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुंभाराच्या आव्याशेजारी उभी आहे असंच वाटलं. पुरुषांचे लपवायचे अवयवही आहेत त्यात, उगाच लाजायचं कारण नाही, दुखणं सगळीकडं होतं. काहींना टांगायला भोकं आहेत. म्हणजे देवळाच्या भिंतीवर गुडघे आणि कान रांगेनं लटकत असतील.

अथेन्सला याच देवाचं देऊळ अक्रोपोलिस या गावच्या टेकडीच्या दक्षिण उतारावर इ.स.पू. ४२० च्या सुमारास झालं. तिथं वाहिलेल्या वस्तूंच्या याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत आणि त्यांत अवयवांपैकी सगळ्यांत जास्त काय असेल? डोळे. उन्हाचा, धुळीचा, दगड फोडणाऱ्यांचा मुलूख.

तुम्ही म्हणता ते बकरं कापणं वेगळं. ते कापलं, थोडं देवाला जाळलं, बाकी लोकांनी खाल्लं, संपलं. देवळात ठेवायच्या वस्तूला त्यांचा शब्द होता 'अनाथेमा', म्हणजे वर ठेवलेलं, उभं केलेलं. ती वस्तू तिथंच राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, की अमक्याचं दुखणं इथं बरं झालं.

एपिदॉरस गावी तर या देवानं बऱ्या केलेल्यांच्या गोष्टीच शिळांवर कोरून लावल्या होत्या, इ.स.पू. चौथ्या शतकात. माणूस देवळात येऊन झोपायचा, स्वप्नात देव यायचा आणि सकाळी बरं. त्यातल्या तीन सांगते. अथेन्सची अम्ब्रोसिया नावाची बाई, एका डोळ्यानं आंधळी. तिथल्या शिळा वाचून हसली : लंगडे चालतात म्हणं, आंधळे बघतात म्हणं! रात्री देव स्वप्नात आला. म्हणाला, डोळा देतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायचं. दुसरा एउफानेस, लहान पोरगा, मूतखड्यानं तळमळणारा. देव विचारतो, तुला बरं केलं तर काय देशील? पोरगं म्हणतं, दहा घोटे. मेंढीच्या घोट्याची हाडं, तिथली पोरं ती आपल्या सागरगोट्यांसारखी खेळत. देवाला हसू आलं आणि पोरगं बरं झालं. तिसरा थासोस बेटाचा आंधळा. त्याला दिसायला लागलं, पण गड्यानं कबूल केलेलं आणून दिलं नाही. देवानं त्याला पुन्हा आंधळा केला. मग तो परत आला, परत झोपला, परत बरा झाला.

ही तिसरी गोष्ट मी मायला सांगितली होती. तिनं काही आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाली, "मंग? सावकाराचं ठिवावं, पर देवाचं ठिवू नै." १९८५ साली मला शाळेत नोकरी लागली. पहिला पगार हातात आला त्या रविवारी ती मला सराफाकडं घेऊन गेली. बोटाएवढ्या पत्र्याचे दोन डोळे, मध्ये बुबुळाचा ठसा. तेरा वर्षांनी फिटलं.

प्रश्न : 'काम कर, मग देतो' हा देवाशी केलेला सौदा नाही का? आपल्याकडच्या नवसावर आम्ही टीका करतो. सॉक्रेटिसाच्या देशात तरी लोकांना हे खटकलं पाहिजे होतं.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, उदगीर

उत्तर : खटकलं होतं बाळा, आणि तुझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस समोरच्याला बोलता बोलता अशा कोपऱ्यात नेतो, की धर्मनिष्ठा म्हणजे देव आणि माणसं यांच्यातला व्यापारच झाला की! त्याहून बोचरं डायोजेनिस या फटकळ तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. समोथ्रेस बेटावर वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेल्या वस्तूंचा ढीग होता. कुणी तरी कौतुक केलं. हा म्हणाला, जे बुडाले त्यांनीही वाहिल्या असत्या तर याहून पुष्कळ दिसल्या असत्या. तुझ्या वादसभेत वापर हे, टाळ्या मिळतील.

पण सौदा म्हणालास तर मला जरा अडखळायला होतं. ग्रीसमधल्या थीब्ज गावची एक वीतभर ब्राँझची मूर्ती आता अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे, इ.स.पू. ७०० ते ६७५ मधली. तिच्या मांड्यांवर कोरलंय : मान्तिक्लोसनं मला चांदीच्या धनुष्याच्या दूरवेधी देवाला दहाव्या हिश्शातून वाहिलं, फोएबॉस, तूही त्याच्या बदल्यात काही गोड दे. फोएबॉस म्हणजे अपोलो. इथं मान्तिक्लोसनं आधी दिलंय, मग मागतोय आणि काय मागतोय ते सांगतही नाही. बाजारात असं कोण करतं? आपल्याकडं भावकीत मात्र चालतं. तुमच्या घरच्या लग्नात आम्ही आहेर केला, आमच्या वेळी तुम्ही याल. वहीत लिहिलेलं असतं, पण वसुलीला कुणी जात नाही. (जातात म्हणा काही जण.)

सौदा करायला गेलेल्यांची फजितीही त्यांच्याकडं गाजलेली आहे. सामोस बेटावर मान्द्रबुलोस म्हणून एक होता. त्याला गुप्तधन सापडलं. पहिल्या वर्षी त्यानं हेरा देवीला सोन्याचा मेंढा वाहिला, दुसऱ्या वर्षी चांदीचा, तिसऱ्या वर्षी ब्राँझचा. त्यावरून एखादी गोष्ट दिवसेंदिवस घसरत चालली, की 'मान्द्रबुलोसचं चाललंय' अशी म्हणच पडली. आमच्या गावच्या एका पुढाऱ्यानं निवडून आल्यावर दरवर्षी गावजेवण कबूल केलं होतं. पहिल्या वर्षी बुंदी, दुसऱ्या वर्षी शिरा, तिसऱ्या वर्षी चहा.

आणि एक अख्ख्या गावानं बोललेला नवस ऐक. इ.स.पू. ४९० मध्ये इराणची फौज मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरली. अथेन्सवाल्यांनी आर्टेमिस देवीला कबूल केलं, की जितके शत्रू मारू तितक्या शेळ्या देऊ. जिंकले. इतिहासकार हेरोडोटस मेलेल्या शत्रूंचा आकडा ६,४०० देतो. एवढ्या शेळ्या आणायच्या कुठून? अथेन्सचाच लेखक झेनोफन लिहितो, की तेवढ्या मिळेनात म्हणून दरवर्षी ५०० द्यायचं ठरवलं. हप्ते बांधून घेतले! हिशेब कर : १३ वर्षांत फिटायला हवं. झेनोफन हे सांगतो तेव्हा लढाईला जवळजवळ ९० वर्षं झाली होती आणि शेळ्या अजून चालूच होत्या. ज्याला फक्त सौदा करायचा असतो तो चौदाव्या वर्षी पावती मागतो.

प्रश्न : आमच्या देवस्थानाच्या हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. वाहिलेल्या सोन्या-चांदीचं ग्रीक लोक पुढे काय करीत? नोंद ठेवीत का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ठेवीत, आणि तुम्हाला हेवा वाटेल अशी. दगडावर.

एकदा देवाची झालेली वस्तू बाहेर नेता येत नसे. जागा भरली, की मातीच्या जुन्या वस्तू देवळाच्याच आवारात खड्डा करून पुरत. आज संग्रहालयांत जे दिसतं त्यातलं पुष्कळसं या खड्ड्यांतून आलेलं आहे. धातूचं मात्र वितळवत. अथेन्समध्ये 'वैद्य वीर' नावाचं एक छोटं ठाणं होतं. तिथं चांदीचे बारके अवयव आणि नाणी साचली. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस अथेन्सच्या नागरिकांच्या सभेनं ठराव केला : समिती नेमायची, वस्तू वितळवून देवाला एक सुरई घडवायची आणि ज्यांच्या वस्तू वितळवल्या त्यांची नावं शिळेवर कोरून ठेवायची. ती यादी आपल्याला मिळाली आहे. सुरई गेली, नावं राहिली. तुमच्या रजिस्टरात वितळवलेल्या दागिन्यांपुढं देणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना आहे का? नसेल तर या दिवाळीला आखून घ्या.

सोनं अडचणीला काढायची रीतही होती. पार्थेनॉनमधल्या अथेना देवीच्या मूर्तीवरचं सोनं काढता येईल असंच बसवलं होतं. स्पार्टाशी युद्धाच्या तोंडावर अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस लोकांना सांगतो, की देवीच्या अंगावर ४० टॅलेंट सोनं आहे. आपल्या मापात हजार किलोच्या वर. वेळ आली तर वापरू, पण जेवढं घेऊ तेवढं परत घालायचं. उचल, उसनवारी, पण तोंडी का होईना बांधलेली. डेल्फीला मात्र लूट झाली. इ.स.पू. ३५६ ला सुरू झालेल्या लढाईत डेल्फीच्या भोवतालच्या फोकिस मुलखातल्या लोकांनी अपोलोचा खजिना वितळवून भाडोत्री सैनिक पोसले. लिडियाच्या क्रीसस राजानं डेल्फीला दिलेला सोन्याचा सिंह तर त्याआधीच, इ.स.पू. ५४८ च्या आगीत वितळून दहा टॅलेंटचा साडेसहा टॅलेंट झाला होता. घट धरायची पद्धत तेव्हाही होती, हे तुमच्यासाठी.

नावांवरून आठवलं. आमच्याकडच्या एका देवळात सभामंडपाच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर पांढऱ्या रंगात दात्याचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव आहे. पंखा चालू असला की वाचता येत नाही, म्हणून ते गृहस्थ आले की आधी बटण बंद करतात. याला हसू नका. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटिआला इराणचा शेवटचा पराभव झाल्यावर डेल्फीला सोन्याची तिवई वाहिली, तेव्हा स्पार्टाच्या पाउसानिआस सेनापतीनं तिच्यावर स्वतःचंच नाव कोरून घेतलं. त्याच्याच गावच्यांनी ते खरवडून काढलं आणि लढलेल्या गावांची नावं घातली. तिवई फोकिसवाल्यांनी वितळवली. तिच्याखालचा एकमेकांत पिळलेल्या सापांचा ब्राँझचा खांब आज इस्तंबूलला उघड्यावर उभा आहे. त्यावर ३१ गावांची नावं, सेनापतीचं नाही.

प्रश्न : राजे आणि सेनापती सोडून साध्या बायका काय वाहायच्या?
— एक वाचक भगिनी, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासाठीच हा महिना काढला असं समजा.

अक्रोपोलिसवर इ.स.पू. ५०० च्या सुमाराची एक ओळ दगडावर आहे. तीन-चार शब्द. स्मिकिथे, कपडे धुणारी, दहावा हिस्सा वाहिला. बस्स. काय वाहिलं तेही त्या ओळीत नाही. पण दुसऱ्याची धुणी धुऊन मिळालेल्यातला दहावा हिस्सा बाजूला काढायला किती दिवस लागतात हे ज्यांच्या घरी अशा बायका येतात त्यांनी एकदा मनाशी मांडून बघावं. तिनं आपला धंदा लपवला नाही. नावाला लागून लिहून घेतला. अथेन्सच्या त्या टेकडीवर मोठ्यामोठ्यांचे संगमरवर होते आणि त्यांच्यात परटिणीचं नाव अडीच हजार वर्षं बसून आहे.

बायकांची मुख्य देवी आर्टेमिस. अथेन्सपासून जवळ ब्राउरोन इथं तिचं ठाणं होतं. तिथं बायका कपडे वाहत, आपण खण वाहतो तसे, पण पुष्कळदा अंगावरचे, वापरलेले. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या याद्यांत बाईचं नाव, कपड्याचा प्रकार, रंग, काठ, सगळं येतं. एखाद्यापुढं 'चिंधी' असाही शेरा असतो, आणि काही कपड्यांपुढं 'अर्धवट विणलेलं'. युरिपिडीजच्या नाटकात असं येतं, की बाळंतपणात मेलेल्या बायकांची वस्त्रं ब्राउरोनला इफिगेनियाला, म्हणजे आर्टेमिसच्या पुजारणीला, वाहतील. मागावर राहिलेलं ते अर्धं कापड याच बायकांचं, असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा यादीत नाही. पण वाचताना हात थांबतो खरा.

आणि लग्न ठरलेल्या मुली आपली खेळणी देऊन टाकत. एका जुन्या सहा ओळींच्या कवितेत तिमारेता नावाची मुलगी लग्नाआधी आर्टेमिसला काय काय वाहते ते आहे : डफ, आवडता चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडेसुद्धा. आमच्या वेळी भातुकली धाकट्या बहिणीला जायची. माझी अजून तिच्याकडंच आहे, मागितली तर देत नाही.

प्रश्न : माझी आई या श्रावणात गेली. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी तिनं तुळजापूरला काही बोलली होती, नक्की काय ते मला माहीत नाही. घरात सगळे म्हणतात, ज्याचं त्याच्यासोबत गेलं. तुम्ही ग्रीकांबद्दल लिहिणार आहात असं कळलं म्हणून विचारते. त्यांच्यात अशा वेळी काय करीत?
— एक वाचक भगिनी, रेणापूर

उत्तर : तुम्हाला इतिहासाच्या बाईंकडून काय हवंय ते कळलं. मला जे येतं तेच देते.

सॉक्रेटिसाला इ.स.पू. ३९९ मध्ये विष प्यायला दिलं. पाय गार पडले, कमरेपर्यंत गारवा आला, त्यानं तोंडावर पांघरूण घेतलं होतं. ते बाजूला करून तो शेवटचं बोलला. आत्म्यावर दिवसभर बोलून झालं होतं. शेवटचं वाक्य असं : क्रितो, आपल्याकडून अस्क्लेपिऑसला एक कोंबडा देणं आहे, तो द्या, विसरू नका. विद्वान लोक या कोंबड्याचा अर्थ लावून दमले. मला त्यात एवढंच दिसतं, की त्यानं 'माझ्याकडून' म्हटलं नाही, 'आपल्याकडून' म्हटलं, आणि द्यायचं काम मागं राहणाऱ्यावर सोपवलं.

बापानं बोललेलं लेकराला फेडता आलं नाही, असंही आहे. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या अखिलीसचा बाप पेलेउस गावच्या स्पेर्खेइओस नदीला बोलला होता : पोरगं सुखरूप परत आलं, की त्याचे वाढवलेले केस तुला देईन, पन्नास मेंढेही देईन. आपलं जावळच म्हणा, फक्त मोठेपणीचं. अखिलीसला पुढं कळून चुकलं, की आपण परत जात नाही. मग त्यानं ते केस कापले आणि चितेवर ठेवलेल्या मित्राच्या, पात्रोक्लोसच्या हातात दिले. कापताना नदीच्या दिशेनं समुद्राकडं बघून बोलला आधी, बाप काय कबूल झाला होता ते सगळं तिला सांगितलं आणि मग दिले. होमरनं या नदीला रागावलेलं कुठं दाखवलं नाही.

आता तुमचं. आधी आईच्या बहिणीला किंवा शेजारणीला विचारा. असलं बोलणं एकटीनं क्वचित होतं. आणि तिची ट्रंक उघडा. ग्रीक दगडावर लिहीत, आपल्या बाया फडक्याला गाठ मारतात. हळदीचं फडकं, आत सव्वा रुपया.

माझी माय गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत अशा दोन गाठी निघाल्या. एक माझ्या धाकट्या भावाच्या नोकरीची होती, मावशीनं सांगितलं. ती आम्ही फेडली. दुसरी कशाची ते कुणालाच माहीत नव्हतं. नाणं १९७४ सालचं होतं. मी येरमाळ्याला गेले, येडाईला ती गाठ दाखवली, मायचं नाव, बापाचं नाव, गाव सांगितलं आणि दानपेटीत टाकली. फडकं सोडलं नाही, गाठीसकट टाकलं.